क्राऊनमधली रबरी रिंग: तीन घड्याळांच्या पाणीरोधाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

टेबलावर तीन घड्याळं. नोंदीपुरती त्यांना घ-१, घ-२, घ-३ म्हणतो. कारखान्यांची नावं लिहीत नाही.

घ-१ सोन्याच्या केसचं, पातळ, रोज हाताने चावी द्यायचं. मागच्या झाकणावर ३० मीटर. घ-२ स्टीलचं ऑटोमॅटिक, क्राऊन (चावी द्यायची, वेळ लावायची बाजूची गुंडी) आट्यांवर फिरवून घट्ट करायचा, १०० मीटर. घ-३ पाण्याखाली बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठीचं जाडजूड, क्राऊन आट्यांचाच पण आत तीन रिंगा, ३०० मीटर. तिन्ही महागडी, तिन्हींची मशीनं झकास चालतात. घ-२ च्या काचेखाली गार सकाळी धुकं धरतं, ही तक्रार आली आणि काम सुरू झालं.

काम फक्त क्राऊनचं. केसमध्ये पाणी शिरायच्या वाटा मुख्यतः तीन: काच, मागचं झाकण आणि क्राऊन. पहिल्या दोन ठिकाणी गॅस्केट एकदा दाबून बसवलं की वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. क्राऊनची रिंग मात्र फिरते, ओढली जाते, ढकलली जाते, आणि हे सगळं होत असताना तिने पाणीही अडवायचं असतं. घ-१ चा हिशेब मांडून पाहिला. रोज चावीचे ३० फेरे धरले तर वर्षाला १०,९५० फेरे. ट्यूबचा (केसमधून बाहेर आलेल्या ज्या नळीवर क्राऊन बसतो तिचा) बाहेरचा व्यास २.५ मिमी, म्हणजे परीघ ७.८५ मिमी. रिंग वर्षाकाठी ट्यूबवर जवळजवळ ८६ मीटर घासत जाते. आणि ही रिंग जेमतेम अर्धा मिमी जाड.

रोलेक्सचा क्राऊन आट्यांचा झाला १९२६ मध्ये आणि पर्पेच्युअल रोटर (मनगटाच्या हालचालीने चावी देणारं फिरतं वजन) आला १९३१ मध्ये. या दोन गोष्टी जाहिरातींत वेगवेगळ्या सांगितल्या जातात, पण या टेबलावरून पाहिलं तर त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. घड्याळ स्वतःच चावी घेऊ लागलं की क्राऊन रोज उघडायची गरज संपते, आणि रिंग व आटे दोन्ही वाचतात.

९ जानेवारी

कोरडी चाचणी. घड्याळ बंद डबीत ठेवायचं, काचेवर संवेदक टेकवायचा, डबीतला दाब कमी-जास्त करायचा. केस फुगते किंवा दबते ती काही मायक्रॉन. फुगलेली केस तशीच राहिली तर बंद आहे; हळूहळू मूळ मापावर यायला लागली तर कुठून तरी हवा येते-जाते आहे.

आधी निर्वात, मग दाब, या क्रमाने. पुष्कळ ठिकाणी थेट मोठा दाब देतात आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला की विषय संपवतात. ते मला पटत नाही, आणि आजच्या निकालाने ते मत आणखी पक्कं झालं.

घ-१ निर्वातातच नापास. घ-३ सगळीकडे पास. घ-२ ची गंमत: ५ आणि १० बारला पास, निर्वातात आणि ०.३ बारला नापास. (१ बार म्हणजे साधारण १० मीटर पाण्याचा दाब.)

म्हणजे हे घड्याळ शंभर मीटरवर कोरडं राहील आणि वॉश-बेसिनमध्ये भिजेल. ऐकायला विचित्र वाटतं, पण ओ-रिंगचा, म्हणजे अशा गोल रबरी रिंगेचा, स्वभावच तसा आहे. ती दोन गोष्टींवर पाणी अडवते. एक, बसवतानाच तिला थोडं दाबलेलं असतं, त्या दाबलेपणावर. दोन, पाण्याचा दाब तिला खाचेच्या पलीकडच्या भिंतीकडे रेटतो आणि फटीवर आणखी घट्ट बसवतो. दाब वाढला की दुसरी गोष्ट कामाला येते. दाब नसेल तर रिंगेचा स्वतःचा ताण एवढंच भांडवल. रिंग जुनी होऊन चपटी झाली की आधी ते भांडवल संपतं.

क्राऊनवरचा जोरही असाच. २.५ मिमी ट्यूबवर १० बारला पाणी क्राऊनला सुमारे ४.९ न्यूटनने आत ढकलतं. ०.१ बारला हाच जोर ०.०५ न्यूटन, नसल्यात जमा.

पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी असलेल्या आयएसओ ६४२५ या मानकात हे गृहीत धरलेलं आहे: लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब दोन तास, आणि त्यानंतर दाब उतरवून ०.३ बारवर एक तास. तो शेवटचा तास उगाच नाही. ओमेगाने १९५७ च्या सीमास्टर ३०० ला दिलेला नायाड क्राऊन खोली वाढेल तसा घट्ट व्हावा या कल्पनेवर बेतलेला होता. त्याची कच्ची बाजू उथळ पाण्यातच होती.

१३ जानेवारी

गळती आहे हे कोरडी चाचणी सांगते, कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी ओली चाचणी. मशीन, डायल, काटे बाहेर काढले, रिकाम्या केसमध्ये क्राऊनला तोडलेल्या स्टेमचा (क्राऊनपासून मशीनपर्यंत जाणाऱ्या दांडीचा) तुकडा लावून बसवला.

पद्धत लिहून ठेवतो, कारण क्रम चुकला तर चाचणीच घड्याळात पाणी भरते. अर्ध्या भरलेल्या नळकांड्यात केस पाण्याच्या वर टांगायची. दाब हळू चढवायचा आणि थांबायचं; फट असेल तर हवा आत शिरते. मग केस पाण्यात बुडवायची आणि दाब हळू उतरवायचा. आत शिरलेली हवा फटीतून बुडबुड्यांच्या माळेने बाहेर येते. माळ दिसली की केस लगेच पाण्याबाहेर, उरलेला दाब त्यानंतर सोडायचा. पाण्यात असताना दाब पुन्हा वाढवायचा नाही, कारण मग हवेच्या जागी पाणी आत जातं.

घ-१ आणि घ-२, दोन्हींचे बुडबुडे क्राऊनखालून. पण क्राऊनखालून याचे दोन अर्थ होतात: रिंग आणि ट्यूब यांच्यामधून, किंवा ट्यूब आणि केस यांच्या सांध्यातून. क्राऊन काढून ट्यूबचं तोंड रबरी बुचाने बंद केलं आणि पुन्हा बुडवलं. दोन्ही केस कोरड्या. सांधे ठीक, दोष रिंग किंवा ट्यूबच्या पृष्ठभागात.

घ-१ मध्ये आणखी एक लक्षण दिसलं. क्राऊन बोटाने एका बाजूला रेटला की बुडबुडे थांबतात, दुसऱ्या बाजूला रेटला की वाढतात.

१५ जानेवारी

भंगारातला एक आट्यांचा क्राऊन मधोमध चिरून पाहिला. रेझिनमध्ये बसवला आणि ओल्या पॉलिश पेपरवर घासत अर्ध्यापर्यंत आणला, ४०० नंबरपासून २००० पर्यंत. धातू आणि रबर एकत्र घासले की रबर जरा मागे सरकतं, त्यामुळे कड अगदी स्वच्छ येत नाही, पण दिसायचं ते दिसलं.

बाहेरची टोपी. आत स्प्रिंग. स्प्रिंगखाली स्टेम पकडणारा गाभा, जो क्राऊन उघडल्यावर टोपीशी जोडला जातो आणि आटे घट्ट करताना सुटा राहतो. नाहीतर क्राऊन बंद करताना दर वेळी मशीनला चावी बसत राहिली असती. टोपीच्या आतल्या आट्यांच्या तळाशी चपटं गॅस्केट, जे ट्यूबच्या तोंडावर दाबलं जातं. हेच मुख्य.

गॅस्केटवर ट्यूबच्या कडेचा वर्तुळाकार खड्डा पडला होता, एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ. म्हणजे क्राऊन तिरका बसत होता आणि तरीही तो जोर लावून आवळला जात होता. गळतंय म्हणून आणखी आवळायचं, आवळलं की गॅस्केट आणखी कापलं जातं. आवळण्याला मर्यादा आहे हे मालकांना सांगायला हवं: बोटांनी टेकेपर्यंत, त्यापुढे नाही. आणि बंद करताना आधी किंचित उलटं फिरवायचं, आटा जागेवर आल्याची टिक लागली की मग सुलटं. आडवे चढलेले आटे दुरुस्त होत नाहीत.

गॅस्केट धरून ठेवणारी धातूची चकती दाबून बसवलेली आहे. ती काढून गॅस्केट बदलणं शक्य असतं, पण चकती परत तशीच बसेल याची खात्री नसते. पुष्कळ क्राऊनमध्ये ‘गॅस्केट बदला’ याचा प्रत्यक्ष अर्थ ‘अख्खा क्राऊन बदला’ असाच असतो.

१६ जानेवारी

हात रिकामा होता म्हणून वंशावळ तपासली. आट्यांचा क्राऊन रोलेक्सच्या आधीही होता. अमेरिकेत डेपोलिए या केस बनवणाऱ्यांची तशी घड्याळं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस होती. रोलेक्सने घेतलेलं पेटंट पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे या स्विस कारागिरांचं, १९२५ चं. ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रिटिश जलतरणपटू मर्सिडीज ग्लाइट्झ इंग्लिश खाडीच्या थंड पाण्यात उतरल्या तेव्हा रोलेक्सचं पाणीरोधक ऑयस्टर घड्याळ गळ्यात होतं. त्या प्रयत्नात त्यांना पोहणं अर्ध्यावर सोडावं लागलं, घड्याळ मात्र चालू राहिलं, आणि नोव्हेंबरमध्ये डेली मेलच्या पहिल्या पानावर जाहिरात झळकली. तासन्‌तास उथळ, गार पाणी: कमी दाबाची परीक्षा म्हणून ती चांगलीच होती.

नील्स ख्रिस्तनसेन यांना ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट मिळालं १९३९ मध्ये. म्हणजे आज आपण ज्या रिंगेवर भरवसा ठेवतो ती त्या पोहण्यानंतरची. मग १९५३ मध्ये रोलेक्सचा ट्विनलॉक (दुहेरी पाणीरोधाचा क्राऊन), १९७० मध्ये ट्रिपलॉक (तिहेरी). ब्लाँपाँच्या फिफ्टी फॅदम्स या घड्याळाने १९५३ मध्येच वेगळी वाट धरली: आटे नाहीत, क्राऊनला दोन रिंगा, म्हणजे पाण्याखाली चुकून क्राऊन ओढला गेला तरी एक रिंग जागेवर राहते. ती कल्पना मला आजही जास्त आवडते. माणूस क्राऊन बंद करायला विसरणार, हे तिने गृहीत धरलं आहे.

२० जानेवारी

आज मोजमापं. घ-२ ची ट्यूब सूक्ष्मदर्शकाखाली.

ट्यूबच्या परीघावर, गोल गोल उठलेले घासल्याचे चरे दिसतात. ते फारसे त्रासाचे नाहीत, कारण ते पाण्याला रिंगेच्या या बाजूकडून त्या बाजूला नेत नाहीत. घात करतो तो लांबीच्या दिशेने गेलेला चरा. तो कितीही बारीक असला तरी रिंगेखालून गेलेला बोगदाच. घ-२ वर असे दोन चरे आणि त्यांच्या आसपास बारीक खड्डे आहेत. घामातलं मीठ, साबण आणि त्वचेचा मळ क्राऊनखाली साचतो. ओलावा तिथे अडकून राहतो आणि स्टील गंजरोधक असलं तरी अशा बंद फटीत ते खाल्लं जातं. वर तोच मळ सुकून पॉलिशच्या पेस्टसारखा घासत राहतो.

आता मापं. क्राऊनमधल्या खोबणीचा आतला व्यास ३.४० मिमी. ट्यूब न झिजलेल्या जागी २.५० मिमी, झिजलेल्या पट्ट्यात २.४६. जुनी रिंग चपटी होऊन ०.४७ मिमी जाड उरली आहे, नवी ०.५५ येते.

न झिजलेल्या ट्यूबवर रिंगेला मिळणारी जागा ०.४५ मिमी. नवी रिंग तिथे १८ टक्के दाबली जाते, जी फिरत्या रिंगेसाठी अगदी योग्य. झिजलेल्या पट्ट्यात जागा ०.४७ आणि जुनी रिंगही ०.४७. दाबलेपणा शून्य. ९ तारखेचा निकाल या दोन आकड्यांत आला.

नवी रिंग जुन्या ट्यूबवर टाकली तर १४.५ टक्के. कागदावर ठीक. स्टेम ०.०३ मिमी एका बाजूला असेल तर त्या बाजूला जागा ०.५० होते आणि दाबलेपणा ९ टक्क्यांवर येतो. तरीही एकवेळ चाललं असतं, पण लांबीचे चरे काही कमी होत नाहीत. नवी रिंग लवचीक असल्यामुळे ती चरे भरून काढेल, चाचणी पास होईल, आणि काही महिन्यांत तेच खड्डे तिला सोलून काढतील. ‘रिंग बदलली, तरी वर्षात पुन्हा पाणी’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. रिंग हा सीलचा अर्धा भाग. दुसरा अर्धा ट्यूबचा पृष्ठभाग, आणि तो बदलण्याचा कंटाळा केला जातो.

०.६० ची जाड रिंग घालून बघावी का, असा मोह होतो. नको. न झिजलेल्या जागी होणाऱ्या २५ टक्के दाबलेपणाला क्राऊन जड फिरतो, बोटाला मशीनची जाणीव राहत नाही आणि झीज वाढते. शिवाय रबर दाबलं तरी त्याचं आकारमान घटत नाही, ते फक्त आकार बदलतं. खोबणीत पसरायला मोकळी जागा लागतेच.

२२ जानेवारी

रिंगेचं रबर कोणतं, हा प्रश्न.

नायट्राइल सर्वात रुळलेलं. झीज सोसतं, तेलाला टिकतं, पण ओझोन आणि उन्हाने त्याला भेगा जातात. ईपीडीएम हवामानाला उत्तम, खनिज तेलाला अजिबात नाही. घड्याळाच्या कामात हाताला कुठलं ना कुठलं तेल असतंच, म्हणून ते बाद. सिलिकॉन रबर मऊ आणि थंडीतही लवचीक, पण त्यातून वाफ आणि वायू सहज आरपार जातात आणि घासलं की फाटतं. फिरत्या जागी ते नकोच. फ्लोरोकार्बन रबर, म्हणजे बाजारात व्हायटॉन नावाने ओळखलं जातं ते: उष्णता, तेल, सनस्क्रीन, अत्तर यांना पुरून उरतं आणि वाफ फार हळू जाऊ देतं. थंडीत ते थोडं ताठर होतं, पण मनगटावर थंडी कितीशी पोचणार.

घ-२ आणि घ-३ ला फ्लोरोकार्बन. घ-१ ला नायट्राइल, कारण तिथे क्राऊन रोज फिरतो आणि हलका फिरायला हवा. काहींना ही कंजुसी वाटेल; मला ती नेमकी निवड वाटते.

२७ जानेवारी

ग्रीस. सिलिकॉन ग्रीस, स्पंजच्या डबीत रिंग एकदा दाबून काढायची. चकाकी आली की पुरे. गोळा दिसला तर पुसायचा, कारण जास्तीचं ग्रीस मळ धरतं आणि स्टेमवरून मशीनकडे सरकतं. सिलिकॉन रबराच्या रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावायचं नाही, ती फुगते.

२९ जानेवारी

घ-१ चे मालक आले. वयाने ज्येष्ठ, घड्याळ वडिलांकडून आलेलं. म्हणाले, “अहो, झाकणावर चक्क ३० मीटर कोरलंय. मी तर फक्त हात धुतो.”

त्यांना सांगितलं ते असं: ३० मीटर म्हणजे ३ बार दाबाची स्थिर चाचणी, नव्या घड्याळाची. आयएसओ २२८१० या मानकात त्या दाबाखाली दहा मिनिटं ठेवतात. आकडा कारखान्यातून बाहेर पडतानाच्या रिंगेचा, वडिलांच्या काळातल्या रिंगेचा नाही.

त्यावर त्यांनी ऐकीव मुद्दा काढला, की हात जोरात हलवला की दाब कित्येक पटींनी वाढतो आणि म्हणून ३० मीटरवाल्यात पोहायचं नसतं. हा समज इतका पसरलाय की गणित करूनच दाखवलं. पाण्यात हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरवला, आणि हा बराच वेग झाला, तरी वाढीव दाब सुमारे ०.१२५ बार, म्हणजे सव्वा मीटर पाणी. नळाची धार सेकंदाला १० मीटरने आदळली तर अर्धा बार, पाच मीटर. हात हलवल्याने ३० मीटरची मर्यादा ओलांडली जात नाही. पोहू नका हा सल्ला बरोबर, त्यामागचं कारण चुकीचं. खरी कारणं म्हणजे थकलेली रिंग, बाजूने बसलेला धक्का, अर्धवट ओढलेला क्राऊन, आणि साबण, जो पाण्याचा पृष्ठताण उतरवून त्याला बारीक फटीतही शिरू देतो.

ते हसून म्हणाले, “म्हणजे समुद्रापेक्षा बेसिन वाईट.” या घड्याळापुरतं हो.

३ फेब्रुवारी

घ-३ पहिल्या चाचणीत सगळीकडे पास झालं होतं. त्याचं मला समाधान नव्हतं, कारण तीन रिंगांपैकी कोणती काम करते ते पास होण्यावरून कळत नाही. एक चांगली असली तरी बाकीच्या दोन मेलेल्या लपून राहतात.

म्हणून आज आटे सोडवून, क्राऊन न ओढता चाचणी घेतली. या स्थितीत क्राऊनच्या तळाचं गॅस्केट ट्यूबवर टेकत नाही. ट्यूबच्या आतल्या दोन रिंगा एकट्या पडतात. निर्वातात नापास, ०.३ बारला नापास.

उघडून पाहिलं. आतली खोलवरची रिंग टणक झाली होती, चिमट्याने दाबली तर कडा तुटली. तिच्या बाहेरची चपटी. म्हणजे घड्याळ आजवर एकाच गॅस्केटवर उभं होतं, आणि ते गॅस्केट आटे पूर्ण बंद असतील तरच काम करणारं. तिहेरी व्यवस्था ज्या चुकीसाठी असते, म्हणजे क्राऊन उघडा राहून पाण्यात उतरणं, तिच्यासाठीच ती तयार नव्हती.

यापुढे आट्यांच्या प्रत्येक क्राऊनची चाचणी दोन्ही स्थितींत. ज्यांच्या ट्यूबमध्ये रिंग नसते ते उघड्या स्थितीत नापास होणारच, ते तसं लिहायचं.

६ फेब्रुवारी

घ-२ ची ट्यूब बदलली. केसमध्ये आट्यांवर बसवलेली होती, आतल्या खाचांत बसणाऱ्या चावीने सुटली. थोडं गरम करावं लागलं, जुना चिकटवणारा द्रव कडक झाला होता. केसमधले आटे साफ, नवी ट्यूब, नवा द्रव अगदी थोडा, आणि तो सुकेपर्यंत हात लावायचा नाही.

ट्यूब नवी तर क्राऊनही नवा. झिजलेल्या आट्यांचा जुना क्राऊन नव्या ट्यूबचे आटे खातो. स्टेमचे आटे ०.९० मिमी, या जातीच्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये बहुधा तेच असतात. नव्या क्राऊनसाठी स्टेमची लांबी पुन्हा जुळवली, थोडी थोडी कापत. स्टेम लांब राहिला तर क्राऊन पूर्ण बसत नाही आणि तळाचं गॅस्केट नुसतं टेकल्यासारखं राहतं.

१० फेब्रुवारी

आता धुक्याचा विषय. घ-२ च्या मालकांना वाटत होतं की धुकं म्हणजे पाणी गेलं. नेहमी तसं नसतं.

२५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत घनमीटरला सुमारे १३.८ ग्रॅम वाफ असते. केसमध्ये मोकळी जागा २ घन सेंटीमीटर धरली तर आत २८ मायक्रोग्रॅमच्या आसपास. काच १० अंशांपर्यंत गार झाली की हवेला १९ मायक्रोग्रॅमच पेलते; उरलेले ९ काचेवर. एवढ्याने काच धूसर दिसू शकते आणि गळतीचा त्यात काही संबंध नाही, केस दमट हवेत बंद केली गेली इतकंच. धुकं लगेच विरलं तर बहुधा हे. रेंगाळलं, परत परत आलं तर रिंग.

जर्मनीतली सिन कंपनी काही घड्याळांत संरक्षक वायू भरते आणि केसमध्ये कॉपर सल्फेटची कुपी बसवते, जी ओलावा शोषत निळी होत जाते. आपल्याला तेवढं नको. मशीन आणि केस कोमट कोरड्या जागी ठेवून मग बंद केली.

तापलेलं घड्याळ गार पाण्यात, हाही हिशेब केला. ५० अंशांवरून २० वर आलं की आतला दाब सुमारे ०.०९ बारने उतरतो, म्हणजे बाहेर जवळपास एक मीटर पाणी असल्यासारखं. पण ही ओढ तेव्हाच लागते जेव्हा तापलेली हवा आधी बाहेर निसटलेली असते. घट्ट रिंगेत हवा बाहेर जात नाही, मग परत आत येण्याचा प्रश्न नाही. थकलेली रिंग उन्हात श्वास सोडते आणि पाण्यात घेते. आयएसओ २२८१० मधली ४०, २०, पुन्हा ४० अंशांच्या पाण्याची चाचणी हेच पकडते.

शेवटी थेंबाची चाचणी: घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तव्यावर तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर, पुसायचा, खाली धुकं आहे का पाहायचं. घ-२ स्वच्छ.

१३ फेब्रुवारी

बाजूच्या जोराची चाचणी. १० सेंटीमीटर पाण्यात, क्राऊनवर आडवा ५ न्यूटन, दहा मिनिटं. यासाठी यंत्र लागत नाही; ५१० ग्रॅमचं वजन दोऱ्याने क्राऊनला टांगलं की झालं.

घ-२ पास, घ-३ पास.

घ-१ मध्ये नवी रिंग घातलेली. ३ बारला स्थिर चाचणी पास, निर्वातात पास. दोरा टांगल्यावर एका बाजूला पास, दुसऱ्या बाजूला केसमध्ये ओल. १३ जानेवारीला बोटाने रेटून जे दिसलं होतं तेच. ट्यूब मोजली: एका दिशेला २.४८, काटकोनात २.४३. इतकी वर्षं अंगठा एकाच बाजूने चावी देत आला आणि ट्यूब लंबगोल झाली. लंबगोल ट्यूबला गोल रिंग पुरत नाही.

ट्यूब सोन्याची आणि केसला डाखलेली आहे. ती काढायची तर केस तापवावी लागेल आणि लगतचे शिक्के पुसट होण्याचा धोका. माझ्या मते करू नये. पण घड्याळ माझं नाही.

१७ फेब्रुवारी

घ-३: १२५ टक्के दाब दोन तास, मग ०.३ बार एक तास, क्राऊन बंद. पास. आटे उघडे ठेवून निर्वात आणि ०.३ बार, पास. रिंगांची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला न कोरता कागदावर लिहून दिली. झाकणं खरडायची पद्धत मला आवडत नाही.

घ-२: दोन्ही चाचण्या बंद स्थितीत पास. उघड्या स्थितीत नापास, ट्यूबमध्ये रिंग नसल्याने अपेक्षित. तसं कागदावर लिहिलं, ‘पाण्याजवळ वेळ लावू नये’ या सूचनेसह.

घ-१ च्या मालकांशी फोनवर बोललो. ट्यूबला हात लावायचा नाही असं त्यांनीच ठरवलं. रिंगेमुळे धूळ आणि हवेतला दमटपणा बराचसा अडेल, पाण्याचा भरवसा नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. कागदावर पाणीरोधाच्या रकान्यात ३० मीटर न लिहिता ‘नाही’ लिहिलं, आणि शेजारी ट्यूबची दोन्ही मापं.